घरी सांगितलं तर?

"हल्ली ती काही सांगतच नाही हो." आठवी-नववीच्या पालकसभेत हे वाक्य कानावर पडलं नाही, असं होत नाही. सहावीपर्यंत दप्तर खांद्यावरून उतरायच्या आत वर्गातल्या सगळ्या बातम्या ऐकवणारी मुलगी अचानक "काही नाही", "माहीत नाही", "झालं" एवढ्या तीन उत्तरांवर आठवडा काढते. मग आईबाबा सल्ला शोधायला निघतात, आणि सल्ल्याला काही तोटा नाही. तिची मैत्रीण व्हा. मैत्रीण मुळीच होऊ नका, आई आहात ते आईच राहा. मोबाइल बारावीनंतरच द्या. नाही दिलात तर ती दुसऱ्या कुणाचा वापरेल, त्यापेक्षा तुम्हीच द्या. मावशी, समुपदेशक, सोसायटीच्या ग्रुपवर फिरणारे व्हिडिओ, प्रत्येकाचं काही ना काही म्हणणं असतंच.

या गर्दीत एक साधी गोष्ट नजरेआड होते. सोळा वर्षांची मुलगी लग्नाविना आईबापाच्या घरात असणं हेच आपल्याकडे तसं नवं आहे. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला, तेव्हा ते वय दहावरून बारावर नेलं, तर तेवढ्यानं पुण्यात केवढा गदारोळ उठला! विरोधकांत टिळक आघाडीवर होते. १९२९च्या शारदा कायद्यानं मुलीच्या लग्नाचं वय चौदा केलं. ते अठरा व्हायला १९७८ उजाडावं लागलं. हुजूरपागेसारखी शाळा १८८४ पासून होती, पण तिथवर पोचणाऱ्या मुली मूठभर. बाकीच्या घरांत मुलगी वयात येते न येते तोच सासरची व्हायची. त्यामुळे या वयातल्या मुलीला वाढवण्याचं पिढीजात शहाणपण आपल्या गाठीशी फारसं नाहीच. आहे ते तिला सासरी पोचवेपर्यंत जपण्याचं: कुठे जाते, कुणाशी बोलते, कधी परतते. आज तीच मुलगी बाविशी-तेविशीपर्यंत शिकते, लातूरला नाहीतर पुण्याला खोली घेऊन राहते, रात्री दहाला अभ्यासिकेतून एकटी परतते. राखणदारी तिथवर पोचत नाही.

राखणदारीनं नेमकं काय हाती लागतं, याचा अभ्यास झाला आहे. हाकन स्टाटिन आणि मार्गारेट केर या मानसशास्त्रज्ञांनी स्वीडनमधल्या चौदा वर्षांच्या सातशेहून अधिक मुलामुलींची आणि त्यांच्या पालकांची पाहणी करून २००० साली निष्कर्ष मांडले. पालकांना मुलांबद्दल जे ठाऊक असतं ते येतं कुठून, हा त्यांचा प्रश्न होता. खोदून विचारण्यातून, बंधनं घालण्यातून, की मुलं आपणहून सांगतात त्यातून? उत्तर असं निघालं की बहुतेक माहिती मुलांनी आपणहून सांगितलेली असते. पाळत आणि बंधनं यांचा त्यात वाटा थोडाच. यावर आक्षेपही आले. चार वर्षांनी लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मुलांच्या आकडेवारीवरून दाखवलं की घरच्या नियमांचाही स्वतंत्र उपयोग होतो, मुलं वाईट नादापासून दूर राहतात. मला यात मोठं भांडण दिसत नाही. नियम हवेतच. फक्त मोडल्यावरही घरी फोन करता येईल असे हवेत. "आठच्या आत घरात" हा नियम ठीक. पण साडेआठ वाजलेत, बस चुकली आहे आणि आता घरी कळवण्यापेक्षा कुणाच्या तरी गाडीवर बसून येणं बरं, असं तिला वाटलं तर तो नियम उलटला म्हणायचा.

स्वीडनच्या मुलीला सांगण्याची जी किंमत पडते, तिच्या कितीतरी पट आपल्या मुलीला पडते. नेहमीचाच प्रसंग घ्या. संध्याकाळचा क्लास सुटतो, कोपऱ्यावरच्या टपरीपासून दोन पोरं बाइकवरून तिच्या मागे येतात. पहिल्या दिवशी ती दुर्लक्ष करते, चौथ्या दिवशी घरी सांगते. बाबा म्हणतात, "कोण आहे तो? नाव सांग, हातपाय तोडतो." आई म्हणते, "तरी मी म्हणत होते, तो टॉप घालून जाऊ नकोस." दादावर सोडायची-आणायची ड्यूटी लागते. दादा दोन दिवसांत कंटाळतो. दुसऱ्या आठवड्यात क्लास बदलतो, नाहीतर "घरीच अभ्यास कर, काय ते क्लासचं नाटक" असा निकाल लागतो. पोरं टपरीवर तशीच. मुलीनं यातून काय शिकायचं ते ती शिकते, आणि पुढच्या वेळी घरात चकार शब्द काढत नाही. वर्षभरानंतर आईची तक्रार: ही हल्ली काही सांगतच नाही.

तिनं असं काही सांगितलं, तर पहिला प्रश्न "मग आता काय करावं असं तुला वाटतं?" हा असावा. तिच्या संमतीशिवाय तिचं काहीही बंद होणार नाही, हे आधी मोकळेपणानं सांगून टाकावं. सहसा एकट्या मुलीचाच पाठलाग होत नसतो, म्हणून क्लासमधल्या बाकी मुलींच्या घरी बोलावं आणि चारपाच पालकांनी मिळून क्लासवाल्यांकडे जावं. नको म्हटल्यावरही मुलीच्या मागे मागे जाणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. पोलिसांच्या दामिनी पथकाची गाडी दोनदा त्या टपरीवर थांबली की बरंचसं काम होतं. खेड्यात प्रश्न बसचा असतो. शाळकरी मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत मिळतो, मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस धावतात. पण शाळा पाचला सुटते आणि बस सातला येते, अशी गत असेल तर मुलगी दोन तास स्टँडवर उभी. अशा वेळी मुलीची शाळा सोडवण्याआधी गावातल्या पालकांनी सह्यांचं निवेदन घेऊन आगार व्यवस्थापकाला भेटावं. वेळ बदलून मिळते. मिळाल्याची उदाहरणं जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत.

रस्त्याच्या भीतीची किंमत केवढी मोठी असते, हे गिरिजा बोरकर यांनी दिल्ली विद्यापीठातल्या विद्यार्थिनींच्या अभ्यासात मोजलं आहे. चांगल्या कॉलेजला प्रवेश मिळत असूनही, जाण्यायेण्याचा रस्ता सुरक्षित वाटतो म्हणून मुली खालच्या क्रमांकाचं कॉलेज घेतात. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईबद्दल २०११ च्या 'व्हाय लॉयटर?' या पुस्तकात आणखी पुढचं म्हटलं: बाईला रस्त्यावर असायला सतत काहीतरी काम दाखवावं लागतं. हे मुलीच्या घरातच सुरू होतं. क्लास, लायब्ररी, किराणा, देऊळ यांना परवानगी; कट्ट्यावर मैत्रिणींबरोबर नुसतं टिवल्याबावल्या करायला नाही. माझं मत स्पष्ट आहे. तिला बिनकामाचंही बाहेर असू द्यावं. गल्ली, दुकानदार, रिक्षावाले ज्या मुलीला ओळखतात, तिला अडचणीच्या वेळी हाक मारायला माणूस सापडतो.

जाता जाता एक. सोळाव्या वर्षी मिळणारं विनागिअरचं लायसन्स फक्त ५० सीसीपर्यंतच्या गाडीला चालतं. क्लासेसच्या बाहेर रांगेनं लागलेल्या स्कूटी ११० सीसीच्या आसपासच्या असतात. अशी गाडी चालवताना अल्पवयीन मुलगी पकडली गेली किंवा अपघात झाला, तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. "सोय होते" हे कारण विमा कंपनीही ऐकून घेत नाही.

आता शरीराकडे. इथे न सांगण्याचे परिणाम सगळ्यांत आधी दिसले ते गडचिरोलीत. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी करून १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होता आणि त्यापूर्वी तशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. दुखणी वर्षानुवर्षं अंगावर काढलेली, कारण ती बोलायची गोष्टच नव्हती. किशोरवयीन मुलामुलींसाठी राणीताई घेतात त्या 'तारुण्यभान' शिबिरांमागे हा सगळा अनुभव आहे.

मासिक पाळीबद्दल बोलायचं ते ती येण्याआधी. चौथी-पाचवीतच काही मुलींना येते, त्यामुळे "सातवीत सांगू" म्हणेपर्यंत उशीर झालेला असतो. बाबांनाही हे माहीत असावं, आणि त्यांना माहीत आहे हे तिलाही माहीत असावं. आई गावाला गेलेली असताना पॅड कोण आणणार? पहिली एक-दोन वर्षं पाळी मागेपुढे होणं स्वाभाविक आहे. या वयात २१ ते ४५ दिवसांचं अंतर चालतं. दर एक-दोन तासांनी पॅड बदलावा लागत असेल, पाळी तीन महिने आलीच नाही किंवा पंधरावं सरलं तरी सुरू झाली नाही, तर मात्र डॉक्टर गाठावेत. दर महिन्याला शाळा बुडण्याइतकं पोट दुखत असेल, तर "बायकांना असतंच" म्हणून तिला गप्प करू नये. त्यावर औषधं आहेत.

पाळी दोनदा चुकली की थेट सोनोग्राफी, आणि रिपोर्टावर "पीसीओडी" लिहून आलं की घरात सुतक, हे अलीकडे फार वाढलं आहे. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षं सोनोग्राफीवरून या विकाराचं निदान करू नये, कारण या वयात तसं चित्र निरोगी मुलींतही दिसतं. चौदाव्या वर्षी मिळालेला हा शिक्का पुढे "हिला मूल होईल का" या कुजबुजीपर्यंत जातो. पाळीची अनियमितता टिकून असेल, जोडीला चेहऱ्यावर राठ केस, फार पुरळ असं असेल, तर रक्ताच्या तपासण्या कराव्यात. तोवर धीर धरावा.

ज्याची खरी काळजी करायची, ते दुखणं घरात कुणाला दिसत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला, आधीच्या फेरीपेक्षा पाच टक्क्यांनी जास्त. आपल्याकडच्या खात्यापित्या घरांनी यातून स्वतःला वगळायचं कारण नाही. अकरावीतल्या मुलीचा दिवस पाहा. पहाटे चहा-खारी, साडेसहाला क्लास, तिथून कॉलेज, डब्यात बटाट्याची भाजी-पोळी ती दोन वाजता निम्मी खाल्लेली, चारला पुन्हा चहा, सहाला वडापाव. दम लागतो, लक्ष लागत नाही, चिडचिड होते, आणि घरचे म्हणतात, मोबाइलमुळे. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय, आणि तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी लोह आणि फॉलिक अॅसिडची असते. मळमळतं म्हणून मुली ती खिडकीबाहेर टाकतात. जेवणानंतर घेतली की त्रास कमी होतो. वर्षातून दोनदा जंताची गोळीही घ्यावी. जेवताना वरणभातावर, पालेभाजीवर लिंबू पिळावं, चहा जेवणापासून तासभर तरी लांब ठेवावा. हळीव, कडधान्यं, बाजरी, आणि खात असाल तर मासे-मटण. बिटात लोह अगदी थोडं. त्याचा रंग लाल असतो, एवढंच.

वजनाबद्दल गप्प बसावं, ही या भागातली बहुधा सगळ्यांत अवघड गोष्ट. लग्नकार्यात आत्या-काकू "केवढी सुटलीयेस गं!" म्हणतात, आणि वाळलेलीलाही सोडत नाहीत. घरातल्यांची अशी टोमणेबाजी आणि मुलींमधलं उपाशी राहणं, खाऊन ओकणं यांचा संबंध मिनेसोटातल्या मोठ्या अभ्यासात दिसला आहे. आत्याला गप्प करणं शक्य नसेल, तर निदान आईनं आरशासमोर स्वतःला नावं ठेवणं थांबवावं.

झोपेचंही तसंच. तेरा ते अठरा वयात आठ ते दहा तासांची झोप लागते आणि मेंदूतलं घड्याळ या काळात पुढे सरकतं, म्हणून दहाला झोप येत नाही. हा आळस नाही. राज्य सरकारनं २०२४ साली शाळा नऊच्या आधी भरवू नका असा आदेश काढला खरा, पण तो चौथीपर्यंतच्या वर्गांसाठी. ज्यांना जैविकदृष्ट्या त्याची जास्त गरज, त्या मुली पावणेसातला क्लासच्या पायऱ्या चढत असतात.

मोबाइलवर इतकं बोललं जातं की मी थोडक्यात आटोपते. शिक्षणाविषयीच्या 'असर' अहवालाच्या २०२३ च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, तर मुलींपैकी १९.८ टक्क्यांकडे. भावाचा, बाबांचा, मैत्रिणीचा फोन वापरणारी मुलगी अधिक सुरक्षित असते असं समजू नये. तिच्या खात्याचा पासवर्ड चार जणांकडे असतो. फोन द्यायचा तर सोबत नियम असावेत, आणि ते घरातल्या सगळ्यांना असावेत. रात्री सगळ्यांचे फोन दिवाणखान्यात चार्जिंगला, बाबांचाही. इन्स्टाग्रामनं भारतात २०२५ पासून अल्पवयीनांची खाती आपोआप खासगी केली आहेत. सोळा वर्षांखालच्या मुलीला ही बंधनं सैल करायला पालकांची परवानगी लागते. अर्थात खोटी जन्मतारीख टाकली की हे सगळं वाया.

फोटोवरून धमकावण्याचा प्रकार मात्र थोडक्यात सोडता येत नाही. कुणीतरी फोटो मागतो, ती पाठवते, किंवा तिच्या साध्या फोटोवर दुसऱ्याचं शरीर चिकटवलं जातं, आणि मग पैसे दे, भेटायला ये. या धमकीचा सगळा जोर एकाच वाक्यात असतो: "घरी सांगेन." ज्या मुलीला घरचं भय नाही, तिच्यावर ही धमकी चालत नाही. म्हणून फोन हातात देतानाच सांगून ठेवावं की चुकून काही पाठवलंस, तरी फोन काढून घेणार नाही, आधी ते निस्तरू. निस्तरायचे मार्ग आहेत. पैसे द्यायचे नाहीत, चॅट पुसायचं नाही, स्क्रीनशॉट ठेवायचे. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार करता येते, लहान मुलांची हेल्पलाइन १०९८ आहे. 'टेक इट डाउन' या मोफत सेवेत अल्पवयीन असताना काढलेल्या फोटोचा फक्त अंकी ठसा घेतला जातो, फोटो कुठेही पाठवावा लागत नाही, आणि त्यात सहभागी कंपन्या त्या ठशावरून तो आपल्या मंचांवर शोधून हटवू शकतात.

प्रेमाचं कळलं की घराघरांत तीच पटकथा. फोन जप्त, मामाच्या गावी रवानगी, आणि काही ठिकाणी घाईनं स्थळ. त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, आणि परभणी, बीडसारख्या जिल्ह्यांत हे प्रमाण त्याच्या दुपटीच्या आसपास. ऊसतोडीला जाताना मुलीला गावात कुणाच्या भरवशावर ठेवायचं, हा तिथला खरा प्रश्न आहे, आणि तो नुसत्या उपदेशानं सुटत नाही. हंगामी वसतिगृहं आणि नियमित शाळा यांनी सुटतो. लग्न लावणाऱ्या आईबापांना दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. खेड्यात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक.

दुसरीकडे मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं संमतीचं वय अठरा केलं. त्यामुळे सतरा वर्षांची मुलगी आणि अठरा वर्षांचा मुलगा यांचं प्रेम पोलीस ठाण्यात गेलं, की मुलगा बलात्काराचा आरोपी. रागाच्या भरात तक्रार देणाऱ्या बापाला पुढे ती मागे घेता येत नाही. हे वय खाली आणावं का, यावर वाद चालू आहे. विधी आयोगानं २०२३ मध्ये वय तेच ठेवून सोळा ते अठराच्या प्रकरणांत न्यायाधीशांना शिक्षेबाबत मोकळीक द्यावी असं सुचवलं. वाद मिटेल तेव्हा मिटेल. मुलीला आणि मुलालाही हा कायदा पंधराव्या वर्षी ठाऊक हवा, आणि तो धाक म्हणून न सांगता माहिती म्हणून सांगावा. दिवस गेल्याचं कळलं तर गावठी उपाय करत बसू नये. गर्भपात कायदेशीर आहे, अल्पवयीन मुलीसाठी पालकाची लेखी संमती लागते, आणि सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये म्हटलं आहे की संमतीच्या संबंधांच्या प्रकरणात मुलीची व पालकांची विनंती असल्यास डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करायची गरज नाही. आईला विचारता येत नसेल तिथे सरकारी रुग्णालयातलं 'मैत्री क्लिनिक' खास या वयासाठी आहे. मुलीला त्याचा पत्ता माहीत असावा.

मनाच्या दुखण्याबाबत एकच समजूत खोडते. "जीव द्यावासा वाटतो का गं?" असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात येतो, हे खरं नाही. विचारल्यानं सुटल्यासारखं वाटतं. पंधरा दिवस मुलगी खाण्यापिण्यातून, मैत्रिणींतून उठली असेल, उन्हाळ्यातही पूर्ण बाह्या घालून वावरत असेल, तर विचारावंच. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे आणि तिथे मराठीतून बोलता येतं. शेतीवरची औषधं घरात उघडी नकोत, कुलपात हवीत, आणि दहावी-बारावीच्या निकालाच्या आठवड्यात तर नक्कीच.

राहता राहिलं घरातलं वातावरण. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकामात हात घालणाऱ्या बायकांचा दिवसातला सरासरी वेळ २८९ मिनिटं निघाला आणि पुरुषांचा ८८. मुलगी हे आकड्यांत वाचत नाही, रोज जेवणाच्या पानावर बघते. पाहुणे आले की पाणी कोण आणतं, बारावीच्या वर्षी कुणाला "तू अभ्यास कर" म्हणून उठवलं जात नाही, भावाला रात्री अकराला कुणी काही विचारतं का. तुलना ती मनातल्या मनात करते आणि त्यावरून ठरवते, या घरात आपली बाजू कोण घेईल. बाबा अनेकदा मुलगी वयात आली की अंग चोरून घेतात. आधी खांद्यावर बसवणारा माणूस आता आईमार्फत निरोप पाठवतो. तिला डोंगरावर न्यावं, बॅडमिंटन खेळावं, गाडीचा टायर बदलायला शिकवावं. समोरासमोर बसून "बोल आता" म्हटल्यावर जे निघत नाही, ते टायर बदलताना निघतं.

आणि तिच्या हातात पैसे असावेत. दहा वर्षांवरील मुलांना स्वतःचं बचत खातं स्वतः चालवायची मुभा रिझर्व्ह बँकेनं २०१४ सालीच दिली आहे. शाखेत नाही म्हणाले तर दुसऱ्या बँकेत जावं. महिन्याची रक्कम ठरवून त्यात टाकावी, सणाला मिळालेले पैसेही तिथेच जाऊ द्यावेत. कुठे अडकली, कुणाबरोबर गेली आणि आता परतायचं आहे, अशी वेळ आली तर रिक्षाचे दीडदोनशे रुपये कायम तिच्याकडे असतील एवढं बघावं. बाकीच्या खर्चाचा हिशेब खुशाल मागा. या रिक्षाचा मागू नये.